करंगळीची खूण

बाई,

तुमच्या ओट्यावर आठ वाट्या मांडलेल्या असायच्या. एक सुलटी, एक पालथी, पुन्हा सुलटी, कारण खो-खोत बसणाऱ्यांची तोंडं एकाआड एक उलट्या दिशांना असतात. दोन टोकांना दोन पेले, ते खांब. पळणारी म्हणजे लिंबू. श्रावणात सोमवारी देवाची सवारी, म्हणजे पालखी, निघायची असली की शाळेच्या मैदानावर यात्रेकरूंच्या बसगाड्या लागायच्या आणि आदल्या दिवशी आखलेल्या चुन्याच्या रेघा चाकांखाली जायच्या. तुम्ही चिडत नसा. आम्हा सहा-सात मुलींना घेऊन फ्रीगंजमधल्या तुमच्या दोन खोल्यांत यायचात, पोह्यांची कढई बाजूला सारायचात आणि सराव सुरू. मैदानापेक्षा त्या ओट्यावर मी जास्त शिकले असं मला वाटतं. मोजलेलं नाही, म्हणून ठामपणे म्हणत नाही.

तुमची पद्धत मला आजही जशीच्या तशी मांडता येईल. डाव सुरू होताना चौथ्या जागेवर जी बसते ती आक्रमण कसं चालायचं ते ठरवते आणि जमिनीवर टेकलेल्या उजव्या हाताने खूण देते. पंजा सपाट म्हणजे झाकण: पळणारीला खांबाकडे रेटायचं आणि तिथे कोंडायचं. दोन बोटं पुढे म्हणजे फोडणी: एकामागून एक झटपट खो, तिला श्वास घेऊ द्यायचा नाही. करंगळी वाकडी म्हणजे मुरू दे: घाई नाही, तिला पळू दे, दमू दे. ही तिसरी खूण तुम्ही ठरवलेली नव्हती. तरुणपणी खांबावर आपटून तुमची करंगळी मोडली होती आणि वाकडीच जुळली होती. हात नुसता टेकला की ती आत वळायची. तुमच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींना कळत गेलं की बाईंचा हात असा दिसला की सध्या काही करायचं नाही, आणि तीच खूण झाली. तुम्ही हे हसत सांगितलं होतं आणि वर म्हणाला होतात, "माझं एक हाड मोडलं, तुम्हाला एक डाव मिळाला. महाग नाही पडला."

तुमचं बोलणं मात्र मला एकदाच लागलं. नववीत होते. सामना जिंकल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, शेवटी फोडणीऐवजी झाकण घालायचं कुणाला सुचलं, आणि मी म्हणाले, मला. खरं तर ते शेजारी बसलेल्या मुलीने कुजबुजून सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकलंत. परत येताना रिक्षात सगळ्यांसमोर म्हणालात, "काय गं, नाव घेतलं असतंस तर तोंड झिजलं असतं?" मग टावर चौकात रिक्षा थांबवून सगळ्यांना जिलेबी घेतलीत. मलाही दिलीत, पण सगळ्यांत शेवटी.

मी अकरावीत असताना तुम्ही गेलात. डेंग्यू, आठ दिवस. नवव्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मी मैदानावर जाऊन एकटीच चौथ्या जागेवर बसून आले. हे कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी खेळले नाही, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड होती. आईने हट्ट केला म्हणून गेले. तिथले सर आमच्या भागात फार नावाजलेले. त्यांची 'सिस्टिम' म्हणून एक गोष्ट होती, ती यायला मुलींना दोन-दोन वर्षं लागतात असं सगळे सांगत. नव्या मुलींना त्यांनी बाजूला बसून बघायला लावलं. मी बघते आहे. चौथ्या जागेवर तिसऱ्या वर्षाची एक दीदी बसली आहे. सर ओरडतात, "तीन!" आणि ती हात टेकून करंगळी आत वळवते. मग खो मिळून जी उठते तीही, पुन्हा बसताना, हात टेकून करंगळी आत वळवते. झाकणाला 'एक' म्हणत होते, फोडणीला 'दोन'. तुमचे शब्द गेले होते, बोट राहिलं होतं. कधीही न मोडलेली, सरळ, निरोगी बोटं त्या मुली तुमच्यासारखी वाकवत होत्या आणि त्यांना वाटत होतं की हा खेळाचा भाग आहे. माझ्या अंगावर काटा आला. उन्हात बसले होते मी, सकाळचे दहा वाजले होते.

तुम्ही एकदा एका मुलाबद्दल बोलला होतात. पूर्वी तुम्ही मुलांनाही शिकवायचात, तेव्हाचा. हात चांगला, पाय चांगला, पण बाईकडे शिकतो म्हणून पोरं चिडवायची आणि तो खाली मान घालायचा. एक दिवस यायचा बंद झाला. सरांकडे बघताना मला ते आठवलं.

दीदीचा पाय मुरगळला. सरांनी सहज, जागा भरायला, मला चौथ्या जागेवर बसवलं. पुढची दहा मिनिटं मी विचार करून खेळले नाही. हात आपोआप टेकत होता, खुणा आपोआप होत होत्या, आणि तिघी पळणाऱ्या त्या दहा मिनिटांत बाद झाल्या. सरांनी खेळ थांबवला. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. कोणती शाळा, म्हणून विचारलं. मी सांगितली. त्यांचा चेहरा बदलला. दीदी लंगडत जवळ आली होती, बाकीच्याही गोळा झाल्या होत्या. दीदीने विचारलं, "तुझे पहले से कैसे पता? मुझे दो साल लगे." तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

चौथी जागा मला मिळाली. दीदी राखीव खेळाडू झाली आणि त्या वर्षी एकही सामना न खेळता कॉलेजमधून बाहेर पडली. मी चार वर्षं खेळले. ही मुलगी एक तास नुसती बघून अख्खी सिस्टिम उचलते, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं की अनोळखी यंत्रणा किती लवकर समजून घेऊ शकता, तेव्हा मी हाच किस्सा सांगितला. यंत्रांची मापं तपासायची ही नोकरी आहे, चूक सहन होत नाही असं काम. साहेब नवीन माणसांना तो किस्सा अजून ऐकवतात. मी टेबलाशी बसून ऐकते, आणि कधी कधी खाली बघितलं तर उजवा हात टेबलावर टेकलेला असतो आणि करंगळी आत गेलेली असते. मी हात उचलून मांडीवर ठेवते.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की सरांनी तुमची पद्धत चोरली आणि मी लहान होते, काय बोलणार. बाई, हे बरोबर नाही. दीदीने विचारलं तेव्हा सर तिथेच होते आणि त्यांनी मला अडवलं नाही. उलट म्हणाले, "बोल बेटा, किसने सिखाया?" सगळ्यांसमोर म्हणाले. घाबरले होते, पण म्हणाले. माझ्या तोंडातून तुमचं नाव निघालं असतं तर ते नाकारू शकले नसते. मी म्हणाले, "किसी ने नहीं सर, देख के समझ गई." ते उठले आणि त्यांनी हात झटकले. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ते निवृत्त होत आहेत, येत्या रविवारी सत्कार आहे, पहिल्या रांगेत बस म्हणाले. मग मुद्द्यावर आले. म्हणाले, "मैं स्टेज से बाई का नाम लेना चाहता हूँ. सब उन्हीं का था. उस वक़्त औरत से सीखा हूँ बोलता, तो मुझे टीम कौन देता? लेकिन अब बोलूँगा तो लोग तुझसे भी पूछेंगे. इसलिए पहले तुझसे पूछ रहा हूँ."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. समोर कुणी नव्हतं, विचार करायला वेळ होता. मी तो घेतलाही. मग म्हणाले, "रहने दीजिए सर. अब क्या."

"ठीक है बेटा," ते म्हणाले, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं हे मला स्पष्ट ऐकू आलं. मलाही तसंच वाटलं. आज बुधवार आहे. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, फोन समोर आहे, आणि गेले दोन तास मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला लिहिणं सोपं आहे.