छोट्या गाडीचा तिसरा डबा

ता. २ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहोत. बातमी आनंदाची आहे. आम्ही तुझ्या पार्कात येतोय! चौदा तारखेला, मंगळवारी. यांना चष्म्याच्या दुकानातून आणि मला गणवेशाच्या कारखान्यातून एकाच वेळी दोन दिवसांची रजा मिळाली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडतंय. यांनी त्याच संध्याकाळी तिकिटं काढून आणली, म्हणजे आता मागे फिरायची सोयच उरली नाही.

खरं सांगू? मी आनंदात कमी आणि धास्तीत जास्त आहे. ठमी साडेतीन वर्षांची, गोळा चौदा महिन्यांचा. हात सोडला की ठमी पळते आणि गोळा जागच्या जागी बसकण मारतो. गर्दीत मी कुणामागे जायचं? कापडावर कात्री चालवतानाही हेच डोक्यात असतं. काल एक बाही उलटी कापली. हे म्हणतात, लढाईला निघाल्यासारखी काय करतेस, फिरायला तर चाललोय.

तू तिथे हरवलेल्या मुलांच्या खोलीत सव्वीस वर्षं काढलीस. काय बरोबर घ्यायचं, कशात बसवायचं, कशापासून लांब राहायचं, सगळं सविस्तर कळव. ठमीने मात्र आपलं आधीच ठरवलंय. तिकिटांबरोबरच्या रंगीत कागदावर छोट्या आगगाडीचं चित्र आहे. तेव्हापासून मी इंजिन आणि ती डबा, असं आमचं घरभर चालू आहे.

लोभ तर आहेच, आता त्यात दोन पोरांनाही सामावून घे.

तुझी,
बबडी

---

ता. ५ मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. जावईबापूंना सांग, दोन लहान मुलं घेऊन पार्कात येणं ही लढाईच असते. तू घाबरलीस ते बरं केलंस. माझ्या खोलीत जी मुलं येतात ती निर्धास्त आईबापांची.

आता नीट ऐक. दार उघडताच आत शिरा आणि गोळ्याच्या झोपेच्या वेळेला बाहेर पडा. उरलेलं बघायचा हव्यास नको. ढकलगाडी आण, पण ती पिशव्यांनी भरू नकोस, नाहीतर पोर कडेवर आणि पिशव्या गाडीत असं होतं. लोक जेवायला बसतात तेव्हा रांगा कमी असतात, म्हणून मुलांना त्याआधीच खायला घाल. मोठ्या डोक्याचं अस्वल हात हलवत येईल. ठमी हसेल, गोळा किंचाळेल, तेव्हा त्याचं तोंड आधीच खांद्यावर घे.

आणि ठमीला तुझं नाव शिकव. आईचं नाव काय, असं विचारलं की मुलं आई असंच सांगतात. बाबांचं काय, तर बाबा. सव्वीस वर्षांत असे हजारो आईबाबा मी भोंग्यावरून शोधले.

घोडे, कपबशा, बदकांची होडी, सगळ्यांत बसव. छोट्या गाडीत मात्र बसवू नकोस. कारण विचारू नकोस.

सांभाळून या. पाठीवर माझा हात आहे असं समज.

तुझी,
आत्या

---

ता. ८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवलंय. ठमीला माझं नाव शिकवलं, तर आता ती मला नावानेच हाक मारते. शेजारीण हसून हसून बेजार. गोळ्याच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत मी पत्ता शिवला आहे. ढकलगाडीचं करकरणारं चाक यांनी दुकानातलं तेल घालून गप्प केलं.

पण आत्या, छोटी गाडी का नको? कारण विचारू नकोस म्हणालीस, तिथेच सगळा घोटाळा झाला. यांनी ते वाचलं आणि म्हणाले, आत्या रोज हरवलेली मुलं बघतात, त्यांना सगळीकडे संकटच दिसणार. मलाही वाटतं, चालण्याच्या वेगाने जाणारी गाडी, ती काय करणार? ठमीला नाही कसं म्हणू? आम्ही तिला एकदाच बसवू. तू रागावू नकोस, मंगळवारी भेटल्यावर हवं तेवढं बोल.

तुझी माया अशीच असू दे, धाकासकट.

तुझी,
बबडी

---

ता. ११ मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्या उभ्याच हे लिहायला घेतलं. तुझ्या घराखालच्या दुकानात दोनदा फोन लावला, कुणी उचलत नाही. हे पत्र तुला वेळेवर मिळू दे.

छोट्या गाडीत मोठी माणसं मावत नाहीत. पाच वर्षांखालची मुलं एकटी बसतात. मध्ये बोगदा आहे, आत वळण आणि मिट्ट काळोख. दोन गाड्या एकीमागे एक सोडतात. थंडीत एक मुलगा माझ्या खोलीत आला. झाडणाऱ्या बाईंना तो बोगद्याच्या तोंडाशी दिसला होता. गुडघे ओले, दातखीळ बसलेली. दूध प्यायल्यावर म्हणाला, काळोखात गाडी आली. मार्चमध्ये एक मुलगी आली, तिच्या तळव्यांना काळं तेल. दोघंही तिसऱ्या डब्यात बसली होती. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या डब्याच्या दाराची खिटी हलवून पाहिली. झिजली आहे. वळणावर धक्का बसला की आपोआप वर येते.

मी वहीत सगळं लिहिलं. पार्कच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुमचं काम मुलं परत देण्याचं, यंत्रं तपासण्याचं नाही. ती दोन पानं त्यांनी मला पुन्हा लिहायला लावली. आणि बबडे, मी लिहिली. मूल फलाटाजवळ सापडलं, असं माझ्या अक्षरात आहे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी घाबरले. तुलाही म्हणूनच कारण सांगितलं नव्हतं.

ठमीला त्या गाडीत बसवू नकोस. मंगळवारी मी पहाटेपासून मोठ्या फाटकाशी उभी असेन.

घाईत आहे, आशीर्वाद मात्र पुरे आहेत.

तुझी,
आत्या

---

ता. १५ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी ते दारात उभी राहून वाचलं आणि उंबऱ्यावरच बसले. हे कामाला गेले नाहीत. ठमी खिडकीपाशी झोपली आहे, तिच्याकडे बघत बघत लिहितेय. तू काल काहीच बोलली नाहीस, म्हणून बाहेरून जे दिसलं ते तुला सांगते. माझ्या डोक्यातून ते कुठेतरी उतरवून ठेवायला हवं.

आमची बस मागच्या फाटकाशी थांबली, आम्ही तिथूनच आत आलो. तू पुढे वाट बघत असशील हे आम्हाला माहीतच नव्हतं. छोटी गाडी फाटकासमोरच. ठमी हात सोडवून तिकडे धावली. हे रांगेत उभे राहिले, मी गोळ्याला घेऊन कठड्याशी. गाडीवाल्याने तिला तिसऱ्या डब्यात बसवलं, शेजारी पिवळ्या टोपीचा एक मुलगा. ठमीने मला नावाने हाक मारून हात केला. माझ्या शेजारी त्या मुलाची आई होती, ती त्याला टोपी नीट कर म्हणून खुणा करत होती.

गाडी आत गेली. दुसरी भरली, तीही निघाली. मग पहिली गाडी दुसऱ्या तोंडाने बाहेर आली. आत्या, तिसऱ्या डब्याचं दार लोंबत होतं आणि आत कुणी नव्हतं. मला वाटलं मी डबे चुकीचे मोजले. मी पुन्हा मोजले. दुसऱ्या गाडीचं इंजिन तेवढ्यात बोगद्यात शिरलं होतं.

तेव्हाच तू दिसलीस. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही. गाडीवाला तुला अडवत होता, तू त्याला बाजूला लोटलंस आणि गाडी थांबवायचं लाल बटण दाबलंस. तू अशी धावू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं. गाडी थांबली. आतून एकाच मुलाचं रडणं ऐकू आलं. एकाचंच. हे आत येत होते, त्यांना तू हाताने थोपवलंस, त्यांनी डब्यांतली मुलं उतरवून घेतली, आणि तू एकटी काळोखात गेलीस.

मग रडणंही थांबलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तू बाहेर आलीस तेव्हा ठमी तुझ्या कडेवर होती आणि टोपीवाला बोटाला. दोघांनाही फक्त खरचटलं होतं. तू ठमीला माझ्या हातात दिलंस, माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि आपल्या खोलीकडे निघून गेलीस. मी हाका मारल्या, तू वळली नाहीस. ते का, आत्या? मी तुझं ऐकलं नाही म्हणून रागावलीस का?

तुझं प्रेम माझ्यावर अजून आहे, एवढंच लिहून पाठव.

तुझी,
बबडी

---

ता. १९ मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

रागावले नाही ग. तोंड दाखवायची लाज वाटली. कशाची, ते आज सांगते.

दार उघडून वेळ झाला तरी तुम्ही मोठ्या फाटकाशी दिसला नाहीत, तेव्हा मला मागचं फाटक आठवलं आणि मी गाडीकडे धावत सुटले. बोगद्यात थांबलेल्या गाडीचं इंजिन गरम होतं, त्याला चाचपत मी पुढे सरकले. घाबरलेलं मूल नावाने हाक मारली तर ओ देत नाही, आणखी लपतं. म्हणून मी हाक मारली नाही. माझी चप्पल हरवली, कुणाला दिसली का, असं साध्या आवाजात बडबडत गेले. आवाज कसा साधा ठेवला, माझं मला माहीत. एकच पोर रडत होतं. मी मनात म्हणत होते, रडतंय ते आपलं असू दे. न रडणारं दुसऱ्या कुणाचं असू दे.

पायाला टोपी लागली. मग तो मुलगा लागला. रुळाच्या कडेला बसून रडत होता, त्याने माझा पदर धरला. बबडे, मी त्याला उचललं नाही. पदर सोडवून घेतला आणि त्याला ओलांडून पुढे गेले. रडणारं मूल आधी उचलायचं, हे सव्वीस वर्षं मी नव्या बायकांना शिकवलं. मी सोडून गेले म्हणून तो भीतीने गप्पच झाला. तुम्ही बाहेर ऐकलंत ते रडणं थांबलं, ते असं.

ठमी दहा पावलांवर भिंतीला पाठ लावून कट्ट्यावर उभी होती. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. तिच्यात आणि रुळात हातभर अंतर होतं. मी तिला उचललं, छातीशी लावलं, तिचं काळीज धडधडतंय हे पटेपर्यंत उभी राहिले. मग मला तो आठवला. आठवला, असं लिहितेय बघ. मागे फिरले तर तो तिथेच होता, दोन्ही हात कानांवर.

मी त्याच दुपारी वही घेऊन तपासनिसांच्या कचेरीत गेले. दोन पानं मी खोटी लिहिली, हे सही करून दिलं. गाडीला कुलूप लागलं आहे. सहा डब्यांपैकी चारांच्या खिट्या झिजलेल्या निघाल्या. बोगदा झाडला तेव्हा कट्ट्याखाली एकेकटे तीन छोटे बूट सापडले, तिन्ही वेगळ्या मापांचे. मला दोनच मुलं माहीत होती. तिसरं कोण, कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. ते बूट डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मला घरी बसायला सांगितलंय, पुढे काय ते कळेल. साहेबांनाही बोलावणं गेलं आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. एवढं वाचूनही माझ्यावर माया राहिली तर कळव, नाही राहिली तरी पोरांना माझे आशीर्वाद.

तुझी,
आत्या

---

ता. २३ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी यांनाही दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, आत्यांना इकडे घेऊन येऊ. रविवारी सकाळच्या बसने येतायत. सामान फार बांधू नकोस. ठमी अजून दिवा घालवू देत नाही आणि गोळ्याला न्हाणीघरात नेलं तरी दारात उभी राहून दोघांवर पहारा देते. तिच्याजवळ बसून साधी बडबड करणारं कुणीतरी हवं आहे. मला ते जमत नाही, माझा आवाज लगेच कापतो.

आणि आत्या, मीही तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. आतून रडणं आलं ना, तेव्हा मला वाटलं ती ठमीच. मी शेजारच्या बाईकडे वळले आणि हसले. खरंच हसले. म्हणाले, माझी आहे, माझी रडतेय. ती माझ्याकडे बघत राहिली. आतून एकच आवाज येत होता, आणि तो मी माझ्या नावावर करून घेतला होता. तिच्या वाट्याला काय उरलं, ते मला तिचा चेहरा बघितल्यावर कळलं.

मग रडणंही बंद झालं आणि गोळा माझ्या कडेवरून निसटायला लागला. त्या बाईने त्याला माझ्याकडून घेतलं. तू बाहेर येईपर्यंत तिने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

रविवारी नक्की ये. माया आहे का विचारतेस, ती इथे येऊन बघ.

तुझी,
बबडी