नकाशात नसलेली खाडी

सोमवार, ३ डिसेंबर १९५६

पुन्हा तेच! शेजारच्या मिश्राइन गच्चीवर केस वाळवत होत्या. विचारलं, "बहू, मायका कहाँ है?" म्हटलं, खाडीवर. त्या दचकल्याच — "बंगाल की खाड़ी? इत्ती दूर?"

आता काय सांगू! इथल्या हिंदीतली खाडी म्हणजे अख्खा उपसागर. आमची खाडी म्हणजे समुद्राचं पाणी गावात शिरलेलं, एवढंच. पलीकडच्या काठावरून हाक मारली तर ऐकू येते.

लग्न होऊन झाशीत येऊन सात महिने झाले. अजून माझं गाव कुणाला सापडत नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर

जेवताना विषय निघाला. मामंजी तीस वर्षं भूगोलाचे मास्तर होते, आमच्या ओरछा गेट मोहल्ल्यातली निम्मी माणसं त्यांच्या छड्या खाऊन मोठी झालेली. मी सांगितलं — भरतीला खाडीचं पाणी उलटं वर चढतं, मग परत उतरतं. सासूबाईंना हसू आवरेना. "आमची बेतवा नदी तर बाई एकाच बाजूला जाते!"

मामंजी म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मला कोण आनंद! मग त्यांनी नाव विचारलं. म्हटलं, सावरखोलची खाडी. अ‍ॅटलास उघडला, भिंग फिरवलं, मिटला.

"अशी खाडी नाही. सवाल ही पैदा नहीं होता!"

म्हणजे माझं माहेरच नाही म्हणे!

गुरुवार, ६ डिसेंबर

सापडलं! भांडी विसळताना एकदम आठवलं. पलीकडच्या काठावर पाटणे गाव. ते लोक तिला पाटण्याची खाडी म्हणतात. नकाशेवाल्यांनी तिकडेच विचारलं असणार! लहानपणी आमची होडी मधोमध पोचली की पाटण्याची पोरं काठावरून ओरडायची, "आता आमची खाडी लागली, उतरा खाली!"

ओल्या हातांनीच मामंजींकडे पळाले. त्यांनी पुन्हा भिंग फिरवलं.

"पाटणा बिहारात आहे, सूनबाई."

हे पेपराआड हसत होते. पेपर हलताना मी पाहिला! नवऱ्यानं तरी बाजू घ्यावी की नाही?

शुक्रवार, ७ डिसेंबर

बाबांना पत्र टाकलं — खाडीचा नकाशा काढून पाठवा, नावांसकट. यांच्याशी अबोला.

रविवार, ९ डिसेंबर

अबोला संपला. मानिक चौकातून गरम जिलबी आली.

बुधवार, १९ डिसेंबर

बाबांचा नकाशा आला! काय सुरेख काढलाय! खाडीचं मुख, होडीचा धक्का, खाजणातली कांदळाची झाडं, आमचं घर लाल शाईनं. आणि नावाचं काय केलंय — पाण्यात मधोमध रेघ! रेघेच्या अलीकडे 'सावरखोलची खाडी', पलीकडे 'पाटण्याची खाडी'. बाबा म्हणजे बाबाच.

मामंजी अंगणात उन्हाला बसले होते. नकाशा त्यांच्या हातात ठेवला आणि ऐटीत उभी राहिले. त्यांनी कागद उलटसुलट केला, भिंगातून बराच वेळ पाहिला.

"वा! व्याह्यांचा हात चांगला आहे. पण नाव चुकलंय."

आता भांडायचंच, म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन वाकले. कागद पालथा होता. कोरी बाजू वर. आणि मामंजींचं बोट त्या कोऱ्या कागदावर काहीतरी दाखवत होतं.

नकाशा घेतला आणि आत आले.

गुरुवार, २० डिसेंबर

दुपारी सासूबाई निजल्यावर मी मामंजींना हळूच विचारलं. वर्षभर त्यांना अक्षर दिसत नाहीये! घरात कुणालाच माहीत नाही. शनिवारी माझ्याबरोबर सिव्हिल लाइन्सला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं कबूल करून घेतलं.

"सगळे नकाशे पाठ आहेत गं, म्हणून निभावलं," मामंजी म्हणाले. "तुझी खाडी तेवढी पाठ नव्हती."