वीस फुटी साखरपुडा

तीर्थस्वरूप बाळाबाई आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझं बीपी, तुझी म्हैस आणि तुझा राग, तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून लिहिते. (माझ्या तब्येतीचं विचारू नकोस, ते सगळं कोल्हापूर विचारतंय.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी केरबाच्या वडाप जीपमधून कागलला धाडतेय.

पहिली गोष्ट, माझा साखरपुडा झालेला नाही. तू गल्लीभर पेढे वाटून बसली असशील तर त्याला माझा इलाज नाही. मलाही ही बातमी सोमवारी शाळेत शिकवायला जाताना चौकातल्या डिजिटल बोर्डावरूनच कळली. वीस फुटी बोर्ड. मधोमध उदयसिंह, गॉगल लावून, काखेत फुटबॉल. वर 'आमचा ढाण्या गोलकीपर बोहल्यावर', आणि खाली कोपऱ्यात, बत्तीस शुभेच्छुकांच्या मुंडक्यांना चिकटून, मी. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, कांजिण्यांतून उठल्यावरचा. खाली 'भावी वहिनीसाहेब'. (आपल्या मंगळवार पेठेत माणूस वाढदिवसाला झळकतो, निवडणुकीला झळकतो, पण पोरीला विचारायच्या आधीच साखरपुड्याला झळकायचा मान पहिल्यांदा मला मिळाला.) शाळेत पोचले तर मुख्याध्यापक शाल-श्रीफळ घेऊन दारात. आधी सत्कार, मग चौकशी, ही आपली रीत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर सातवीच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या होत्या.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस. बारा वर्षांपूर्वी गोव्याच्या क्लबानं त्याला उचललं. एक सीझन खेळतो आणि आण्णांना भेटायला येतो, म्हणाला. तोवर आपलं कुणाला कळू द्यायचं नाही, ही त्याचीच अट. चार वर्षं मी आलेली स्थळं परतवली, तुझ्या भावानं, म्हणजे आण्णांनी, माझ्याशी बोलणं टाकलं (तूही टाकलंस, दोन दिवाळ्या), आणि साहेबांनी तिकडंच मॅनेजरच्या मेहुणीशी लग्न केलं. कळलं पेपरातून. आण्णा गेले तेव्हा रक्षाविसर्जनालाही आला नाही. आता काडीमोड झाला, गुडघा गेला, क्लबानं घरी बसवलं, आणि त्याला माझी आठवण झाली. खेळायचं वय होतं तेव्हा गोवा, शेकायचं वय झालं तेव्हा पूर्णिमा. मला याची चीड येते, आत्या. फार येते.

सोमवारीच संध्याकाळी मी बोर्डाखाली उभी राहून त्याला बोलावून घेतलं. आला लंगडत. म्हणतो, "मी न्हाय लावलं ते. पोरास्नी नुसतं बोललोतो, तिला इचारायचं हाय म्हणून." एवढ्यावर मंडळानं छापून मोकळं व्हायचं, याला आपल्याकडं दोस्ती म्हणतात. मी म्हटलं, उतरव. शिडी आणली, पण तिसऱ्या पायरीवर त्याचा गुडघा धरला. वर जाता येईना, खाली येता येईना. मी खाली शिडी आवळून उभी, आणि निम्मी पेठ वडापाव खात बघतेय. तशात वरून त्यानं मला विचारलं. सगळ्यांच्या देखत माफीही मागितली, आण्णांचं नाव घेऊन. इतक्या वर्षांत ती ऐकायची माझी तयारी चोख होती, उत्तरंही पाठ होती, पण त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, आधी खाली उतर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं, हे तिथल्या कुणालाच पटलं नाही. बोर्ड अजून वरच आहे. रविवारी तो उत्तर मागायला घरी येणार आहे.

तर असा हा तमाशा. उरलेले पेढे खाऊ नकोस, तुला साखर वर्ज्य आहे.

तुझी, अजून कुणाचीही न झालेली,
पूर्णिमा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. रविवारी तू ये आणि माझ्या वतीनं त्याला स्पष्ट नाही म्हणून सांग. माझ्या तोंडून निघेल असं दिसत नाही, आरशासमोर तीनदा बोलून बघितलं. तो दहाला येईल, त्याच्या आधी पोच.

ता. क. २ : सकाळच्या गाडीला लई गर्दी असते, तुला उभ्यानं यावं लागेल. तू आपली बाराच्या गाडीनं ये.