वातीची दोन टोकं

फादर, आज सकाळी चर्चच्या मनोऱ्यातल्या दिव्याची काच पुसताना ठरवलं की तुम्हाला लिहायचं. तुम्हाला देवाघरी जाऊन अकरा वर्षं झाली. गोवा मोकळा झाला, तरी तिथून आपल्या गावाला कायमचा पाद्री मिळालेला नाही. महिन्यातून एकदा बाहेरून कुणीतरी येतात. बाकी चर्चचं सगळं लोकांनी माझ्यावर टाकलंय.

तुम्ही होता तेव्हा मला फक्त हाताचं काम ठाऊक होतं. कौलं चाळायची, बाकं ठोकायची, विहिरीतला गाळ काढायचा. एकदा मी छपरावर असताना तुम्ही खालून ओरडलात, "रे, सगळा तूच केलंस तर बाकीच्यांनी काय करूचा? खाली ये. माका तुझी हातोडी नको, तुझा डोक्या व्हया." मग मला टेकडीवर नेलंत आणि मोकळ्या कातळावर बोट फिरवत दाखवलंत, इथं शाळा, इथं मोठं चर्च. मला नुसता कातळ दिसत होता. पण ऊन उतरलं तशी ती शाळा अर्धी सोडून तुम्ही दिवा लावायला मनोऱ्याकडे निघालात. सगळ्यांना कामं वाटून देणारे तुम्ही, हे एक काम कधी कुणाला दिलं नाहीत. काजळी धरू नये म्हणून चपट्या वातीची वरची दोन्ही टोकं तिरकी कातरायची आणि ते काळे तुकडे कठड्यावर शेजारी शेजारी ठेवायचे. त्याच दिव्याच्या रोखानं होड्या खडपांमधून, पाण्यातल्या खडकांमधून, आत येतात. "ह्या हातान केलंय नाय, तर पुढचा कायच दिसाचा नाय," असं तुम्ही म्हणायचात.

तुमच्यामागं मी उलटा झालो. मोठ्या चर्चचा नकाशा काढून घेतला आणि त्यातच बुडालो. बायको म्हणायची, "कागदार चर्च बांधून झाला काय जेवूक येवा." गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कमिटीची मंडळी माझ्या ओट्यावर बसली होती, दरवाजा पश्चिमेला की दक्षिणेला यावर वाद चालला होता. अचानक वारा फिरला. होड्या बाहेर होत्या आणि दिवा लावायचा राहून गेला होता. मी धावत सुटलो. वळणावर येऊन वर बघतो तर दिवा जळतोय.

मनोऱ्याची किल्ली माझ्या खिशात होती. कुलूप लागलेलं. आत पायऱ्यांवर वाऱ्यानं आणलेली वाळू पसरली होती, तिच्यावर पाऊल नव्हतं. वर काचेला हात लावला तो भाजला. मी वात नेहमी सरळ कापतो, फादर. त्या वातीची दोन्ही टोकं कातरलेली होती आणि कठड्यावर दोन काळे तुकडे शेजारी शेजारी होते.

होड्या सगळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी होडी हाकणारा तारकर्लीचा तांडेल सुरमई घेऊन दारात आला. "दिवो होतो म्हणान वाचलाव, नायतर होडी खडपार आपटली असती." मग माझ्याकडे खालपासून वर बघत हसला. "पण काल दिव्यापाठी उभे होतात, तेव्हा बरेच उंच दिसल्यात."

मी म्हटलं, "उजेडात तसं दिसतं." मासा ठेवून घेतला.

तेव्हापासून रोज मीच वर जातो. नकाशाही गुंडाळून टाकलेला नाही; सकाळी तो आणि संध्याकाळी वात. आता मीही दोन्ही टोकं कातरतो.

हे पत्र तुमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. कारण एक गोष्ट लिहायची राहिलीय. परवा एकही होडी पाण्यात नव्हती, म्हणून मी मुद्दाम वर गेलो नाही. खाली चर्चच्या अंगणात उभा राहून मनोऱ्याच्या खिडकीकडे बघत राहिलो. पुरता काळोख झाला. दिवा लागला नाही. मग मी किल्ली काढली. चढताना, फादर, वर कुणी नाही म्हणून माझ्या जिवाला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू आलं.