अट क्रमांक सत्तावीस

ती. ओदेतताईस,

धाकट्या अल्बानोचा खाली मान घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? जिने चढायचे नाहीत म्हणून तू झोपायची खोली खाली आणलीस असं कळलं, हे फार बरं केलंस. भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि तुझ्या कोंबड्या दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर मजेत एकटी तुझी भावजय झुल्मिरा आहे. तिने मला आधीच ‘कागद नीट वाच’ असं सांगितलं होतं, त्यामुळे ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य ती दिवसातून तीनदा, जेवणानंतरच्या गोळीसारखं घेते. एकाच सिडनीत राहून बहिणीला पत्र कसलं लिहितोस, फोनला काय झालं, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि भाऊजी मागून हसतात. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तर झालं असं. आमच्या सेलियाने नवऱ्याला घेऊन पर्थहून परत यायचं ठरवलं, म्हणून परसात तिच्यासाठी दोन खोल्या काढायचा घाट मी घातला. नकाशेवाला टेप लावून म्हणाला, ‘काका, साठ सेंटिमीटर कमी पडतायत.’ (चाळीस वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या, मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी सांगतो, आणि स्वतःचं परसदार मात्र कधी मोजलं नव्हतं.) साठ सेंटिमीटर आणायचे कुठून? शेजारून. शेजारी कोण, तर आपली इदालिनावहिनी. ज्या सेलेस्तिनोदादाने मला थापी कशी धरायची ते शिकवलं, त्याची बायको. मी कुंपणावरून विषय काढला मात्र, ती म्हणाली, ‘घेऊन टाक रे, तिथे माझी कोबीसुद्धा धड येत नाही.’ आणि चष्मा न लावता सही केली. बदल्यात काही घेतलं नाही. उलट सही करून झाल्यावर मलाच कॉफी पाजली.

नगरपालिकेची मंजुरी आली. तिला तेहेतीस अटी होत्या. मी अकरापर्यंत वाचल्या. त्या झाडांच्या मुळांबद्दल आणि सकाळी सातच्या आधी हातोडा न मारण्याबद्दल होत्या, तेव्हा पुढेही असलंच काहीतरी असणार असं समजून मी कागद घडी करून फ्रीजवर ठेवला. खोल्या झाल्या. फरशा मी स्वतः बसवल्या. मग तीन आठवड्यांपूर्वी पत्र आलं, की अट क्रमांक सत्तावीसप्रमाणे, या मंजुरीत आलेल्या कुठल्याही जागेत राहणाऱ्यांना रस्त्यावर गाडी लावायचा रहिवासी परवाना यापुढे मिळणार नाही, आणि आहेत ते तीस जूनला संपतील. नीट वाच, ताई. ‘कुठल्याही जागेत’. वहिनीची ती साठ सेंटिमीटरची पट्टी मंजुरीत आली, म्हणून तिचं अख्खं घर आलं आणि तिच्या छोट्या निळ्या गाडीचा परवान्याचा स्टिकरही गेला. आमच्या रस्त्यावर स्टिकर नसेल तर दोन तास. दोन तासांनी पार्किंगवाला काचेवर दंडाचा कागद लावतोच. दारात उभी करता येत नसेल तर एकोणऐंशी वर्षांच्या बाईने गाडी ठेवायची कुठे? आणि गाडी नसेल तर रोज बारा वाजता वृद्धाश्रमात जाऊन दादाला सूप कोण भरवणार? तो दुसऱ्या कुणाच्या हातून एक चमचाही घेत नाही. दोन बस बदलून, दुखरं कंबरडं आणि सुपाचा डबा घेऊन ती कशी जाणार? मला झोप लागत नाही.

मी स्वस्थ बसलो असं समजू नकोस. झुल्मिराने केलेल्या कस्टर्डच्या टार्टचा डबा घेऊन मी नगरपालिकेत गेलो. खिडकीवरची मुलगी गोड होती, पण टार्ट घ्यायची तिला मनाई आहे म्हणे. मी तिला वहिनीचं सगळं सांगितलं. तिने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात. म्हणाली, ‘काका, अल्बानो फ्रेइतास म्हणजे तुम्हीच ना? मग हा नियम तुमचाच की!’

आता इथे मला थोडं मागे जावं लागेल (आणि जागा असती तर जमिनीतही गेलो असतो). नऊ वर्षांपूर्वी कोपऱ्यावरची बेकरी पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते, तेव्हा मी दारोदार फिरून दोनशे बारा सह्या गोळा केल्या होत्या, तुला आठवत असेल. तुझीही घेतली होती. सभेत उभा राहून मी गर्जना केली होती, की बांधा काय बांधायचं ते, पण नव्याने बांधणाऱ्याला स्टिकर द्याल तर याद राखा. ज्याला बांधायची हौस आहे त्याने आपली गाडी डोक्यावर घेऊन झोपावं. टाळ्यांचा कडकडाट झाला होता. वहिनी पहिल्या रांगेत होती आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिच्याच होत्या. त्या सभेनंतर नियम झाला. फक्त डोक्यावरचा भाग त्यांनी गाळला. खिडकीवरच्या मुलीने मला ती सगळी फाइल दाखवली, वर्तमानपत्रातल्या माझ्या फोटोसकट. मुठी आवळलेल्या. ‘छान आलाय हो फोटो,’ असं ती मनापासून म्हणाली. मी बाहेर येऊन बाकावर बसून सहा टार्ट खाल्ले. तेवढ्यात माझ्या गाडीवर दंडाचा कागद लागला.

आणि ज्या सेलियासाठी हे सगळं केलं, तिच्या नवऱ्याला पर्थमध्येच बढती मिळाली. ती येत नाही. नव्या खोल्यांत सध्या कांदे वाळत घातले आहेत.

ताई, मला लाज वाटते. दंडाची नाही, फोटोचीही नाही. त्या बाईने मला जमीन दिली आणि मी तिच्या दारातली जागा घालवली, याची वाटते. ती कुंपणाशी आली की मी पडद्यामागे जातो. काल तर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला तिच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत थांबलो. भाऊजींना नमस्कार, कोंबड्यांना दाणा.

तुझा, नाव काढायच्या लायकीचा न राहिलेला,
अल्बानो

ता. क. वहिनीला मी यातलं अजून एक अक्षरही सांगितलेलं नाही. तू मोठी आहेस, तुझ्या तोंडून कडू गोष्टसुद्धा औषधासारखी वाटते. तेवढं तूच तिला सांग ना. तीस तारखेच्या आत. माझं नाव शक्य तितकं उशिरा घे.

ता. क. २. पोस्टाने चार दिवस लागतात, आणि वृद्धाश्रमात जाताना वहिनी तुझ्या दारावरूनच जाते, म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवतो आहे. काळजी नको, पाकिटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे.

ता. क. ३. ओदेत, हे अक्षर माझं आहे, इदालिनाचं. ज्या पाकिटाला तीन पट्ट्या आणि देणाऱ्याची नजर जमिनीला, ते मी उघडलं. माफ कर. नगरपालिका एकच पत्र दोन्ही घरांना पाठवते, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टेकडीमागच्या रस्त्यावर स्टिकर लागत नाही. रविवारी तिथून घरापर्यंत चालून पाहिलं, अकरा मिनिटं लागतात. कंबर कुरकुरते, पण होतं. होत नाही ते दुसरंच. दर शनिवारी अल्बानो माझ्याबरोबर यायचा आणि सेलेस्तिनोशी पत्ते खेळायचा. हे त्याने तुला लिहिलेलं नाही. गेले तीन शनिवार तो आला नाही. सेलेस्तिनोला आता माझंही नाव रोज आठवत नाही, पण शनिवारी तो पत्ते पिसून बसतो आणि दरवाजाकडे बघत राहतो. तू मला काही सांगायला येऊ नकोस, मला या वयात चकित झाल्याचं सोंग जमणार नाही. शनिवारी त्यालाच पाठव. मी साडेअकराला निघते.