भीमराजचा तांब्या

८ फेब्रुवारी १९९५, बुधवार

जीपचे मागचे दोन्ही शॉकअप गेले! तेल गळून पार चाकापर्यंत ओघळलंय. मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी, तिला तरी काय बोलणार. पण रविवारी आईला नगरच्या दवाखान्यातून घरी आणायचंय. मणक्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय — धक्का बसता कामा नये. आणि आमचा रस्ता हा असा!

कर्जतच्या भीमराजला निरोप धाडला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

भीमराज आला. पंधरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केलेला माणूस. पेटीतून आधी स्वतःचा तांब्या काढला, मग पाने. चहालाही त्याचाच कप! याला म्हणतात मिलिटरीची शिस्त. आमच्या घरात चमचा जागेवर सापडेल तर शपथ.

वरचा नट गंजून बोल्टशी एकजीव झालेला. मी म्हटलं, टाक कापून. ऐकलं नाही. रॉकेल सोडलं, तासभर बसून राहिला, पुन्हा सोडलं. म्हणे, "जबरदस्ती केली तर बोल्टच तुटंल, गुरुजी. मग रविवार इसरा."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

सुटला नाही. मला झोप नाही. भीमराज मात्र गार.

११ फेब्रुवारी, शनिवार

सुटला!! पठ्ठ्यानं नट सोडवायच्या ऐवजी आधी केसभर आवळला. आवळला! कुर्र झालं, आणि मग उलटा फिरला की मुकाट. मी नुसता बघत राहिलो. वीस वर्षं पोरांना शिकवतोय, पण असा धीर माझ्यात नाही.

नवे शॉकअप चढवले, पण नट ढिलेच ठेवले. आईचं वजन विचारलं. तेवढी ज्वारी पोत्यात भरून मागं ठेवली, चाकं जमिनीवर टेकवली, आणि मग खाली शिरून नट आवळले. गाडी अधांतरी असताना आवळलं तर आतलं रबर पिळवटतं म्हणे. कुणाला सुचेल हे?

शेवटी स्वतःचा तांब्या गळ्यापर्यंत भरून पोत्यावर ठेवला आणि मला ओढ्यापर्यंत गाडी न्यायला लावली. घोटभर पाणी सांडलं. मी खूश, तो नाराज! पुन्हा खाली शिरला.

१२ फेब्रुवारी, रविवार

आई घरी! मिरजगावच्या पुढं चक्क झोपली. तांब्या गाडीतच राहिला होता, वाटेत तिला त्यातूनच पाणी पाजलं. दोनदा मागून प्याली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

तांब्या घासून परत द्यायला गेलो. त्याच्या शिस्तीचं तोंडभरून कौतुक केलं. तो हसला.

"शिस्त कसली, गुरुजी. मागं एकदा तुमच्या आईनं मला वरनं वंजळीत पानी वाढलं हुतं. तवापासनं तुमच्याकडं येताना तांब्या घेऊन येतो. बाकी कुटं नेत न्हाई."