कठड्याकडचा भार

येरमाळा,
चैत्र पौर्णिमा

प्रिय नंदीश,

दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. रणधीरशेठच्या वर्कशॉपात देखरेखीचं काम घेतलं आणि लिहिणं मागं पडलं, असं म्हणणार होतो. खरं तर तुझं डिझाइन आमच्याकडं आल्यापासून काय लिहावं हेच कळेना.

यात्रेत पालखी बघायला बसायची लोखंडी गॅलरी उभी राहिलीय, तुझ्या पडद्यावर होती अगदी तशीच. कॉलेजात संगणकावर, कॅडमध्ये पहिली रेघ तूच मला काढून दाखवलीस. रेघांतून घन आकार, आकारांची जोडणी, मग भार देऊन तपासणी. चुकलं तर मागं जाऊन पुन्हा. हे मागं जाणं मला फार आवडायचं. तू पाठवलेल्या तपासणीत गॅलरी सगळी निळी आहे, धोक्याचा लाल कुठंच नाही. पण तू भार सगळ्या फळ्यांवर सारखा पसरलास आणि खांबांचे पाय जमिनीला जखडलेले धरलेस. इथं रानात ते नुसते टेकलेत. आणि आपल्याकडची माणसं सारखी पसरून बसतात का रे? उद्या पालखी आमराईकडं वळली की लेकरं काखेत घेऊन सगळी समोरच्या कठड्याला भिडतात.

काल वेल्डर फोटोसाठी कठड्याशी ओळीनं उभे राहिले आणि मागचा खांब जमिनीवरून सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. आमच्या वर्कशॉपातल्या सिदूनं खाली बोट घालून पाहिलं, हसत काढून घेतलं. शेठना दाखवलं तर म्हणाले, "सायेब, लोखंड हाय, थोडं हलणारच की. पुण्याच्या इंजिनेरानं पास केलंय, तुमी कशाला लई घाबरता?" बंदोबस्तावरच्या साहेबांनीही तुझ्या सहीचा कागद पाहून मान डोलावली. तुला फोन केला, तर तू म्हणालास, सगळं निळं आहे.

माझंच चुकत असेल का? गणित पुन्हा मांडलं. खांब पुन्हा उचलला गेला. तुझ्या आईंना म्हटलं, पालखी दारातूनच बघा. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाची गॅलरी हाय, म्या न्हाय बसणार तर कोण?"

हे पत्र पहाटेच्या पुण्याच्या गाडीत देतोय. उद्या शेठ तुला फोन करतील, मी वेडा झालोय म्हणतील. त्यांनी मला काढून टाकलं तरी चालेल. मी काय केलं आणि का, हे तुला माझ्याच अक्षरात कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच,
गौरीशंकर

उद्या: उजाडताच गॅलरीचा जिना कापून काढणे.